आत कोण थांबणार

३ फेब्रुवारी, मंगळवार

इतिवृत्तात जे लिहिता येत नाही ते इथे लिहायचं ठरवलं आहे. इतिवृत्त म्हणजे 'चर्चा झाली' आणि 'सर्वानुमते मान्य झाले'. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'सर्वानुमते' हा शब्द मी असंख्य वेळा लिहिला आणि सगळ्यांचं एकमत झालेलं एकदाही पाहिलं नाही.

आज अधीक्षकांनी बोलावून घेतलं. आमच्या मुलांच्या रुग्णालयाची नवी इमारत उभी राहते आहे. देणगी देणाऱ्या संस्थेने अट घातली आहे की तिथली व्यवस्था ठरवताना आजारी मुलांचं आणि त्यांच्या घरच्यांचं मत घ्यायलाच हवं. "नुसतं घेऊन चालणार नाही," अधीक्षक म्हणाले, "त्या मतामुळे निदान एक तरी नियम बदललेला दिसला पाहिजे. समिती तुम्ही चालवा. महिनाअखेरीला विश्वस्तांपुढे ठराव ठेवू." मी विचारलं, मीच का? ते म्हणाले, "तुम्ही कुणाच्याच बाजूने नसता." ही स्तुती आहे असं धरून मी उठले.

घरी ताईला सांगितलं तर ती जेवता जेवता हसायला लागली. "तू मुलांशी बोलणार? भाच्याच्या वाढदिवसाला तू त्याला फाइल दिली होतीस!" फाइल चांगली होती. चार कप्प्यांची.

५ फेब्रुवारी, गुरुवार

समितीसाठी मुलं निवडली. निकष माझेच: नीट बोलता येणारी, ताप नसलेली, आणि ऊठसूट रडणारी नकोत. चार मुलं आणि त्यांचे चार पालक.

वॉर्डात कुणाला नाव नसतं, खाटेचा नंबर असतो, आणि आईबापही त्याच नंबराने ओळखले जातात. 'सातची आई', 'बाराचे बाबा'. नातू बरा होऊन घरी गेल्यावर एका गृहस्थांनी फोन करून "मी चौदाचा आजोबा बोलतोय" असं सांगितलं होतं आणि आम्ही त्यांना बरोबर ओळखलंही होतं.

यादीत पहिलं नाव नऊ नंबरचं. अकरा वर्षांची मुलगी. तिला सगळे वकीलीणबाई म्हणतात, कारण ती औषधाच्या गोळीशीही वाद घालते. "कालची पांढरी होती, आजची पिवळी का? कारण सांगा, मग घेते." वडिलांची लॉन्ड्री आहे. आई बाळंतीण, म्हणून ही शाळा सुटली की दुकानात जाऊन बसायची. तिथे उकळत्या पाण्याचं भांडं वडिलांच्या हातून सटकलं आणि हिचा उजवा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भाजला. तिला आणलं तेव्हा मी दारातच उभी होते. पोर किंचाळत होती आणि तिच्या प्रत्येक किंकाळीसरशी बाप स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता. दोन माणसांना त्याचे हात धरावे लागले. मग मुलगी एकदम गप्प झाली. दुखण्यावरचं औषध लागू पडलं असावं.

तेव्हापासून वॉर्डातली सर्वांत समजूतदार पेशंट तीच. आज वडिलांनी विचारलं, "दुखतंय का गं?" तर म्हणाली, "छे! तुमचंच तोंड बघा कसं झालंय, जेवून या आधी." अशी मुलं समितीवर असली की काम सोपं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिली सभा, खेळांच्या खोलीत. मुलं खाटांवरून, चाकाच्या खुर्च्यांवरून आली. मोठी माणसं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसली. मीसुद्धा.

मी भिंतींच्या रंगांचे नमुने नेले होते. मुलांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक जण म्हणाला, "सकाळी डॉक्टर घोळका करून येतात आणि माझ्याबद्दल बोलतात. माझ्याशी कुणीच बोलत नाही." सर्वांत लहान मेंबरने खाटेखाली राहायला जागा मागितली. कशाला, तर "तिथे मी सापडणार नाही." मी दोन्ही लिहून घेतलं. रंगांचे नमुने पिशवीत घातले.

मग पालकांनी ताबा घेतला. सातची आई बाजारात भाजी विकते आणि तिचा आवाज चार गल्ल्या ऐकू जाईल असा आहे. ती म्हणाली, "ड्रेसिंगच्या वेळी आम्हाला खाली हॉलमध्ये का हाकलता? पोर वर आणि आम्ही खाली. जीव नुसता टांगणीला लागतो. आईबापाला आत घ्या. बाकी तुमच्या भिंती काळ्या करा नाहीतर निळ्या करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. हा आमचा फार जुना नियम आहे. ड्रेसिंग सुरू व्हायच्या आधी पहारेकरी पालकांना खाली नेऊन बसवतो, म्हणजे रडणं त्यांच्या कानावर पडत नाही.

मग लॉन्ड्रीवाले उठले. बोलायची सवय नसलेला माणूस. हातातली टोपी पिळत म्हणाले, "मला आत घ्या, मॅडम. माझ्या हातून झालं. निदान तिचा हात तरी धरू द्या मला." सातच्या आईने डोळे पुसले. मी त्यांचं म्हणणं शब्दाला शब्द लिहून घेतलं.

वकीलीणबाई रंगीत खडूवरचा कागद सोलत होती. मी तिला रीतसर विचारलं, "तुझं काय मत?" तिने वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा म्हणतात तसं." पहिल्यांदाच वाद न घालता काही मान्य केलं. मी लिहिलं: मुलांचाही पाठिंबा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख, त्यांच्या होकाराशिवाय ड्रेसिंगच्या खोलीत माशीसुद्धा शिरत नाही. ठराव वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाप चक्कर येऊन पडला की मी कुणाला बघायचं? मुलाला की बापाला?"

मी नऊ नंबरवर प्रयोग करू या म्हटलं. मुलगी शांत आहे, तिच्यापासून सुरुवात केली की बरं.

"शांत? नऊ?" ते हसले. "आमच्या खोलीत येऊन बघा. दुखण्याचं औषध आधी देतो, पण जुनी पट्टी सोडवायची, जखम धुवायची म्हणजे दुखतंच. अख्खा मजला डोक्यावर घेते ती. परवा मला गाढव म्हणाली. सिस्टरला त्याहून वाईट काहीतरी."

मला हे ठाऊक नव्हतं. वॉर्डात हूं की चूं न करणारी मुलगी तिथे असं करते, म्हणजे एकटी पडल्याने घाबरत असणार. उलट हाच उत्तम पुरावा होईल, मी म्हटलं. वडील आत असताना ती ओरडते का बघू. डॉक्टरांनी मान हलवली. "ओरडली नाही तर मी टोपी काढतो." ते टोपी घालत नाहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रयोग यशस्वी.

मी स्वतः कोपऱ्यात उभी होते. खोली पांढरी, दिवा फार प्रखर, औषधाचा वास कपड्यांना अजून येतो आहे. लॉन्ड्रीवाल्यांनी लेकीचा हात धरला आणि दुकानातल्या गमती सांगायला सुरुवात केली. एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात उकडलेलं अंडं निघालं होतं, आणि तो ते परत मागायला आला. मुलगी हसली. अगदी जिथे हसायचं तिथे. सिस्टर पट्टी सोडवत होती तेव्हा ती छताकडे बघत होती. आवाज नाही, डोळ्यांत टिपूस नाही. वडीलच गोष्ट सांगता सांगता मधेच अडखळले. तर तिने त्यांचा हात दाबून धरला आणि म्हणाली, "मग तुम्ही अंडं दिलंत का?"

मोठे डॉक्टर म्हणाले, "मानलं बुवा."

बाहेर आल्यावर लॉन्ड्रीवाले भिंतीला टेकून रडले, आनंदाने. "वाघीण आहे माझी. दुखलंच नाही म्हणाली." ते मला नमस्कार करायला वाकायला लागले, मी मागे सरकले. अशा वेळी मला काय करायचं ते सुचत नाही.

इतका सरळ निकाल देणारा प्रयोग मी दुसरा पाहिलेला नाही. वडील नसताना किंचाळ्या, वडील असताना शांतता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज सात नंबरच्या मुलाच्या ड्रेसिंगच्या वेळी त्याची आई आत होती. तो रडला, पण आईचं बोट चोखत रडला आणि पट्टी संपताच झोपी गेला. ती बाहेर येऊन सगळ्या मजल्याला सांगत सुटली. नऊचंही ठीक झालं, पुन्हा शांतता. अधीक्षकांनी देणगीदारांना कळवलंसुद्धा. ठरावाचा मसुदा लिहिला: 'ड्रेसिंगच्या वेळी एक पालक मुलाजवळ उपस्थित राहील.' 'राहू शकेल' लिहिलं होतं, पण अधीक्षक म्हणाले, शकेल-बिकेल नको, मोघम वाटतं.

ताई म्हणाली, "मुलांना आवडलं का?" मी म्हटलं, एक तर हसत होती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी सभा. खेळांच्या खोलीत रंगकाम चाललेलं, म्हणून छोटी खोली मिळाली आणि तिथे सगळे मावेनात. पालकांना बाहेर बसवलं, नुसती मुलं आत घेतली. नाइलाज होता.

मी ठराव वाचून दाखवला. वकीलीणबाईने लगेच हात वर केला. आज बऱ्याच दिवसांनी तिचा जुना सूर सापडला.

"राहील म्हणजे राहायलाच पाहिजे?"

"हो."

"आणि एखाद्याला नको असेल तर?"

"कुणाला नको असेल?"

"मी कुठे म्हणतेय कुणाला? समजा. समजा एका मुलाला नको असेल."

"आईबाप नकोत असं कोण म्हणेल?"

"समजा म्हटलं ना मी! तुम्ही समजायलाच तयार नाही." मग तिने विचारलं, "आणि त्याने असं सांगितलं, तर तुम्ही त्याच्या आईबाबांना सांगणार?"

"अर्थात. पालकांपासून आम्ही काही लपवत नाही," मी म्हटलं. हे आमच्या दर्शनी भागात पाटीवरच लिहिलेलं आहे.

"मग राहू दे," ती म्हणाली. प्लास्टरवाला तिच्याकडे बघत होता. वकिली डोक्याच्या मुलांना असे काल्पनिक प्रश्न सुचतात. इतिवृत्तात लिहिलं: शंकानिरसन केले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ जेवत नाही. ड्रेसिंगच्या दिवशी सकाळी उलटी होते. मोठे डॉक्टर वैतागले आहेत. पुढच्या आठवड्यात तिची शस्त्रक्रिया. मांडीची कातडी काढून पोटरीवर आणि गुडघ्यावर बसवायची. अंगात ताकद नसेल, जखम स्वच्छ नसेल, तर नवी कातडी धरणार नाही आणि गुडघा वाकडाच आखडेल. "जन्मभर लंगडेल," ते म्हणाले. त्यांना गोड बोलायची सवय नाही.

सिस्टरने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, मुलीने ओठ आतून चावून फोडलाय. "आधी शिव्या द्यायची, आता दात आवळून पडते. अंग असं ताठ करते की पट्टी सोडवता येत नाही. त्यात तो बाप मधेमधे. हात टाकायला जागा नाही." सिस्टरला खोलीत गर्दी चालत नाही हे जगजाहीर आहे. ठरावाला तिचा पहिल्यापासून विरोध. तरी ओठाचं मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी ओठाला लावायला मलम दिलं.

परवा विश्वस्तांची सभा आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हे सगळं क्रमाने लिहायला हवं.

सकाळी पहारेकरी धावत आला. नऊ नंबर बाथरूममध्ये शिरून आतून कडी लावून बसली आहे आणि ड्रेसिंगला यायला तयार नाही. मी गेले तेव्हा लॉन्ड्रीवाले दारावर हात आपटत होते. "अगं, मी आहे ना! मी येतोय ना तुझ्याबरोबर!" ते जितकं हे म्हणत तितकी आतली शांतता वाढत होती. मोठे डॉक्टर लांबून बघत होते. मला म्हणाले, "नियम तुमचा. बोला तुम्ही."

मी लॉन्ड्रीवाल्यांना पहारेकऱ्याबरोबर चहाला धाडलं, बाकीच्यांना हटवलं. दाराशी उभी राहिले. मुलांशी कसं बोलतात ते मला खरंच येत नाही, म्हणून जसं कुणाशीही बोलते तसंच बोलले.

"दुपारी माझी सभा आहे. तुझ्या त्या 'समजा'बद्दल मला नीट कळलेलं नाही. सांगतेस?"

आत बादली सरकल्याचा आवाज आला. मग आतून, "बाबा आहेत का तिथे?"

"नाहीत."

"शपथ?"

"शपथ."

"मला रडायचंय," ती म्हणाली.

"मग रड की. कोण अडवतंय?"

"बाबा असताना कशी रडू?" आता तिचा आवाज फुटला. "मी रडले की ते स्वतःला मारतात. तुम्ही बघितलंय, तुम्ही होतात तिथे. एवढं दुखतं की मला सगळ्यांना बोचकारावंसं वाटतं, आणि मला त्या अंड्याला हसायला लागतं. आधी बरं होतं. आधी ते खाली असायचे. सिस्टर चालते मला. तिला काही पण बोललं तरी तिला काही होत नाही."

तिला आणलं त्या दिवशी औषध लागू पडलं असावं, असं मी या वहीत लिहिलं होतं. औषध नव्हतंच ते. तिने बापाला मारून घेताना पाहिलं होतं आणि त्या क्षणापासून आजपर्यंत ती त्याच्यासाठी गप्प होती. आणि मी तिच्या समोर तिच्या वडिलांना उभं करून वर विचारलं होतं, तुझं काय मत? मला माझी लाज वाटली.

"मी त्यांना सांगते, खाली थांबा," मी म्हटलं.

"नको! त्यांना वाटेल मला ते नकोत. सांगा, डॉक्टरांनी मनाई केली. शपथ घ्या."

आज दुसरी शपथ. घेतली. कडी निघाली. ती बाथरूममधल्या पालथ्या बादलीवर बसली होती, दुखरा पाय पुढे ताणून. तोंड पांढरंफटक, अगदी लहान दिसत होती.

मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी उद्याच्या कामांचा तक्ता काढून पाहिला. मग म्हणाले, "आज ती थकली आहे, उद्या सकाळी करू. त्यापुढे नाही थांबता येणार. आणि बापाला माझं नाव सांगा. मला सवय आहे."

दुपारी विश्वस्तांची सभा. ठराव वाचला गेला, अध्यक्ष म्हणाले, "छान, सर्वानुमते?" आणि मी उठून म्हटलं की ठरावात बदल हवा. पालकाने आत थांबावं की नाही हे दर वेळी मुलाला विचारायचं. एकट्याला, पालक समोर नसताना. आणि ते नको म्हणालं, तर ते पालकांना न सांगता डॉक्टरांची मनाई आहे असं सांगायचं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे पालकांशी खोटं बोला, असा ठराव? पालकांचा सहभाग वाढवण्यासाठी नेमलेल्या समितीचा?"

"हो," मी म्हटलं.

"बाई, तुमचाच ठराव. तुम्हीच आणलात, तुम्हीच मोडताय."

अधीक्षकांनी माझ्याकडे असं पाहिलं की नवीन इमारतीत मला खोली मिळेलसं वाटत नाही. कारण विचारलं गेलं. मी म्हटलं, एका मुलीने सांगितलं आहे, पण काय ते सांगणार नाही. मग मोठे डॉक्टर, जे सभेला कधी येत नाहीत आणि आज आले होते, बसल्या जागेवरून म्हणाले, "माझ्या मजल्यावर उद्यापासून हेच चालेल. मंजूर कधी करायचं ते करा." विषय पुढच्या सभेकडे ढकलला. इतिवृत्तात मी 'सर्वानुमते' लिहिलं नाही.

संध्याकाळी लॉन्ड्रीवाल्यांना सांगितलं, डॉक्टरांनी मनाई केली आहे. खोटं मला बरं जमलं. ते भडकले. "काय केलं मी? चक्कर आली मला? एक शब्द वावगा बोललो? तिला माझ्याशिवाय धीर कोण देणार?" आणि मग, "मी समितीत तक्रार करणार त्या डॉक्टरची. लिहून घ्या."

मी लिहून घेतली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ड्रेसिंगच्या आधी मुलीला विचारलं, "आज?" ती म्हणाली, "सिस्टर." मग म्हणाली, "बाबा खालीच असतील ना? अगदी खाली?" मी म्हटलं, पहारेकरी त्यांना घेऊन गेलाय. तेव्हा ते खरं होतं. तिला आत नेलं, दार लागलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. ऑफिसात जाऊन काम होणार नव्हतं.

जरा वेळाने जिन्यावर पावलं वाजली. लॉन्ड्रीवाले वर आले होते, पहारेकऱ्याचा डोळा चुकवून, रागाने लाल होऊन. "आत्ता जातो आणि विचारतो त्या डॉक्टरला—"

तेवढ्यात आतून पहिली किंकाळी आली.

ते जागच्या जागी थांबले. मग दुसरी. मग शिव्या. डॉक्टरला, सिस्टरला, पट्टीला, पाण्याला. सिस्टरचा शांत आवाज, "हां, बोल, बोल, अजून बोल." आणि मग तिने मोठ्याने टाहो फोडला, "बाबा! बाबा! ओ बाबा!"

ते दाराकडे झेपावले. मी त्यांच्या आडवी गेले आणि त्यांचं मनगट धरलं. परक्या माणसाला मी असं कधी धरलेलं नाही.

"सोडा! ती मला बोलावतेय!"

"बोलावत नाही. रडतेय."

"मला हाक मारतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"तुम्ही आत असताना तिने एकदा तरी मारली का?" मी म्हटलं. यापुढे मी काही बोलणार नव्हते. शपथ होती, आणि जेवढं बोलले तेवढ्यानेच ती मोडली की नाही याचा विचार मी अजून करते आहे.

त्यांनी मनगट सोडवायची धडपड थांबवली. आतून पुन्हा "बाबा". त्यांचा मोकळा हात वर गेला, गालाकडे, त्या दिवशी जात होता तसाच. मी तो धरू शकत नव्हते, माझे दोन्ही हात त्यांच्या एका मनगटाशी अडकले होते. तो हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला, बाकावर ठेवला आणि त्याच्यावर बसले. मी मनगट सोडलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, मान खाली घालून, ते सगळं ऐकत बसले. मीही शेजारी बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही, मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

आवाज उतरत गेला. हुंदके, मग नाक शिंकरणं, मग तिचा वाद घालणारा आवाज, "ही पट्टी मागच्यापेक्षा रुंद का आहे?" ट्रॉलीची चाकं करकरली. लॉन्ड्रीवाले ताडकन उठले. मला वाटलं आता दाराशी जातील. पण त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि ते पळत सुटले, उलट्या दिशेने. दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरून खाली.

दार उघडलं. मुलगी बाहेर आली, केस कपाळाला चिकटलेले, डोळे सुजलेले, सिस्टरने तोंड धुऊन दिलेलं. पण खांदे सैल होते, कालच्यासारखे आवळलेले नव्हते. तिने आधी बाकाकडे पाहिलं. बाकावर मी एकटी.

मग लिफ्टचं दार उघडलं आणि ते आले, धापा टाकत, हातात कॅन्टीनचा चहाचा कप. कप रिकामा होता.

"झालं पण? मी खाली चहा घेत होतो, मला कुणी सांगितलंच नाही."

"कधीच झालं," ती म्हणाली. "काही दुखलं नाही."

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि ट्रॉलीची दांडी धरून तिला वॉर्डाकडे घेऊन गेले.